अंगातल्या वाफा आणि दहा दिवसांचा आश्रम

माझी एक मैत्रीण सत्तेचाळिसाव्या वर्षी एका निसर्गोपचार केंद्रात दहा दिवस राहून आली. जाताना तिच्या तक्रारींची यादी अशी होती: रात्री दोन-तीनदा अंगातून वाफा निघून घामाघूम होऊन उठणं, पाळी कधी वीस दिवसांनी तर कधी अडीच महिन्यांनी, आली की धो धो, सकाळी बोटं आखडलेली, आणि कारण नसताना मुलांवर खेकसणं. परत आली ती हलकी होऊन. वजन तीन किलो कमी, झोप गाढ, वाफा जवळजवळ थांबलेल्या. "तुझं ते वाचन-बिचन राहू दे, पोटावर मातीची पट्टी घे," असं मला बजावून झालं. चौथ्या आठवड्यात तिचाच फोन आला. वाफा परत सुरू, झोप पुन्हा उडालेली. "मग तिथं नेमकं कशानं बरं वाटलं गं मला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. ते दहा दिवस म्हणजे एक गाठोडं आहे. त्यात माती आहे, पाणी आहे, उपवास आहे, चालणं आहे, प्राणायाम आहे, आणि जाहिरातीत ज्यांचा उल्लेख नसतो अशाही दोन-तीन गोष्टी आहेत. गाठ सोडून एकेक वस्तू बाहेर काढल्याशिवाय कशाचा उपयोग झाला आणि कशाचा नाही, हे कळत नाही. मी डॉक्टर नाही. पण याच वयातून जाते आहे आणि या विषयावर जे भरवशाचं मिळतं ते वाचत असते.

परतीच्या पावसासारखं

पाळी हळूहळू कमी होत होत थांबते, असं आपल्याला वाटत असतं. प्रत्यक्षात ती परतीच्या पावसासारखी जाते. आठवडा कोरडा, मग एका संध्याकाळी ढगफुटी, मग पुन्हा कडक ऊन. सलग बारा महिने पाळी आली नाही की त्याला रजोनिवृत्ती म्हणतात, म्हणजे ती झाली हे वर्षभरानं मागे वळूनच कळतं. भारतीय स्त्रियांमध्ये हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. त्याआधीची जी काही वर्षं लहरीपणाची असतात, ती आपली खरी डोकेदुखी. त्या काळाला पेरिमेनोपॉज म्हणतात. (या काळात गर्भ राहू शकतो. "आता कसलं काय" म्हणून निर्धास्त राहिलेल्या जोडप्यांची पंचाईत झालेली आहे.)

हा लहरीपणा का? गर्भाशयाचं अस्तर दरमहा वाढवण्याचं काम इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन करतं. ते अस्तर नीट धरून ठेवायचं आणि महिना संपताना एकदम सुटू द्यायचं, ते काम प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचं. यातली मेख अशी की अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडलं तरच त्या महिन्यात पुरेसं प्रोजेस्टेरॉन तयार होतं. चाळिशी उलटल्यावर काही महिने बीज बाहेर पडतच नाही. मग अस्तर नुसतं वाढत राहतं, धरणारं कुणी नसतं, आणि दोन-अडीच महिन्यांनी ते कोसळतं तेव्हा अंगावरून जाणं थांबत नाही. माझ्या मैत्रिणीची "आली की धो धो" ही तक्रार बहुधा इथली. इस्ट्रोजेनही या काळात सरळ उतरत नाही. कधी विशीतल्यापेक्षा वर चढतं, कधी तळाला जातं. म्हणून एका दिवशी हार्मोनची तपासणी करून फारसं कळत नाही. आजचा पाऊस मोजून हंगाम सांगण्यासारखंच ते.

वाफा कुठून निघतात?

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. शरीराचं तापमान सांभाळणं हे त्याचं एक काम. साधारणपणे आतलं तापमान जरासं वर-खाली झालं तर तो दुर्लक्ष करतो. या दुर्लक्ष करण्याच्या पट्ट्याची रुंदी ०.४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. इस्ट्रोजेन कमी पडलं की तिथल्या काही चेतापेशी उत्तेजित होतात आणि ज्या बायकांना वाफांचा त्रास आहे त्यांच्यात हा पट्टा अगदी चिंचोळा होतो.

घरातला विजेचा एमसीबी जुना झाला की नुसती इस्त्री लावली तरी खटकन पडतो, तसंच. लोड वाढलेला नसतो, सहन करण्याची मर्यादा खाली आलेली असते. चहा प्यायला, जिना चढला, कुणी उलट बोललं, गोधडी अंगावर आली, एवढं निमित्त पुरतं. मेंदू "अंग तापलंय" असा निष्कर्ष काढतो आणि थंड करण्याची सगळी यंत्रणा एकदम चालू करतो. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा लाल होतो, घाम सुटतो, आणि मिनिटा-दोन मिनिटांनी थंडी वाजायला लागते.

हे किती दिवस चालतं? अमेरिकेतल्या एका मोठ्या दीर्घकालीन पाहणीत हा त्रास वारंवार होणाऱ्यांपैकी निम्म्या स्त्रियांना तो ७.४ वर्षांहून जास्त काळ झाला. "वर्षभरात जाईल" हे आपल्या आयांनी दिलेलं आश्वासन सगळ्यांना लागू पडत नाही.

निसर्गोपचार म्हणजे आयुर्वेद नव्हे

बोलताना आपण या दोन्हींची सरमिसळ करतो. आयुर्वेदात औषधं आहेत: काढे, आसवं, भस्मं. निसर्गोपचार औषध द्यायचंच नाही असं मानतो. शरीर स्वतःच बरं होतं, आपण फक्त माती, पाणी, ऊन, हवा आणि उपवास यांच्या मदतीनं त्याच्या वाटेतले अडथळे काढायचे, ही त्याची मूळ भूमिका. पंचमहाभूतांतल्या आकाशतत्त्वाच्या जागी तिथं उपवास येतो.

गंमत म्हणजे अस्सल देशी वाटणारं कटिस्नान (टबात कंबरेपर्यंत पाण्यात बसणं) आपल्याकडे रुजलं ते जर्मनीच्या लुई कुन्हे यांच्या पुस्तकामुळे. मातीच्या पट्ट्यांचा पुरस्कार करणारे अडॉल्फ जस्टही तिकडचेच. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना या दोघांची पुस्तकं वाचली आणि स्वतःवर, घरच्यांवर प्रयोग केले. महाराष्ट्राचा संबंध मात्र पक्का आहे. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी अनेकदा राहिले. त्या वास्तूला आज बापू भवन म्हणतात आणि राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था १९८६ पासून तिथून चालते. मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचनला आले, गावातल्या गरिबांवर उपचार केले, आणि तिथला आश्रम पुढे मणिभाई देसाईंनी उभा केला. तो अजून चालू आहे. गांधीजींना हा उपचार खेड्यातल्या, खिशात पैसे नसलेल्या माणसासाठी हवा होता. आजची काही केंद्रं दिवसाला जे भाडं घेतात ते त्यांना दाखवायला हवं होतं.

निसर्गोपचाराच्या पदवीला आपल्याकडे बीएनवायएस म्हणतात. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम असतो. पाटीवर "निसर्गोपचार तज्ज्ञ" लिहिलेला प्रत्येक जण तो शिकलेला असतोच असं नाही. ते विचारून घ्यावं.

दहा दिवसांत वाफा कमी झाल्या, त्या कशानं?

हा लेखातला सगळ्यात अवघड भाग आहे आणि सगळ्यात महत्त्वाचाही, म्हणून इथं जरा रेंगाळते.

समजा शंभर बायकांना वाफांवरची म्हणून गोळी दिली, पण निम्म्या जणींच्या गोळीत औषधच नाही, नुसती साखर किंवा पीठ. कुणाला कुठली मिळाली ते त्यांना आणि डॉक्टरांनाही ठाऊक नाही. अशा खोट्या गोळीला प्लासिबो म्हणतात. वाफांवरच्या हार्मोन उपचारांच्या जुन्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा अशा खोट्या गोळीवरच्या बायकांच्या वाफाही सुरुवातीच्या तुलनेत सुमारे ५८ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. अर्ध्याहून जास्त!

याचा अर्थ त्या बायका खोटं बोलत होत्या असा अजिबात नाही. दोन गोष्टी घडतात. पहिली अशी की आपण उपचाराला कधी जातो? त्रास अगदी शिगेला पोचतो तेव्हा. शिगेनंतर उतारच असतो, काहीही केलं नाही तरी. परतीच्या पावसात ढगफुटी झाल्यावर दुसऱ्या दिवशी नवस बोलला तर तिसऱ्या दिवशी ऊन पडणारच, आणि नवसाला पावलं असं वाटणारच. दुसरी गोष्ट अशी की कुणीतरी आपलं म्हणणं ऐकून घेतंय, काहीतरी होतंय, या भावनेनं मेंदूतला ताण खरोखर उतरतो. वाफा मेंदूतच सुरू होत असल्यानं तिथं फरक पडणं स्वाभाविक आहे.

म्हणून "शेजारच्या काकूंना अमुक रसानं गुण आला" हे खरं असूनही त्या रसाचा पुरावा ठरत नाही. उपयोग आहे असं म्हणायला तो रस या ५८ टक्क्यांच्या वर चढला पाहिजे. हार्मोनची गोळी चढली. प्लासिबोच्या तुलनेतही तिनं वाफांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी खाली आणली.

अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीनं २०२३ मध्ये हार्मोन सोडून बाकीच्या सगळ्या उपायांचा पुरावा तपासला. योगासनं, व्यायाम, संथ श्वसन, अंग थंड ठेवणं, चहा-तिखट टाळणं, जडीबुटी: निव्वळ वाफांसाठी यांतल्या कशाचीच शिफारस त्यांनी केली नाही. शिफारस झाली ती वजन कमी करण्याची, काही औषधांची, संमोहनाची आणि सीबीटी नावाच्या समुपदेशनाची. सीबीटीत वाफ आल्यावर डोक्यात जे सुरू होतं ("सगळे बघतायत", "आता रात्रभर झोप नाही") ते ओळखून बदलायला शिकवतात. त्यानं वाफांची संख्या फारशी घटत नाही, पण त्यांचा जाच कमी होतो.

आता मैत्रिणीच्या गाठोड्याकडे. मातीच्या पट्टीनं तिच्या वाफा थांबल्या असं मानायला मला आधार सापडत नाही. पण तिथं आणखी काय होतं ते तिनंच फोनवर सांगितलं. रात्री साडेनऊला दिवे बंद. फोन कार्यालयात जमा. झोपण्याआधी गरम पाण्यात पाय. आणि दहा दिवस तिला कुणीही "चहा टाकतेस का?" असं विचारलं नाही. यातलं पाय शेकणं साधं वाटतं, पण त्याला शास्त्र आहे. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान किंचित उतरावं लागतं. पाय गरम केले की तळव्यांतल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि आतली उष्णता तिथून बाहेर पडते. झोपेच्या तासभर आधी कोमट-गरम पाण्यानं आंघोळ केली तर झोप लवकर लागते, हे अभ्यासांतही दिसलेलं आहे. ते घरीही करता येतं. बादली लागते, बस.

मग योग, चालणं, आहार, सगळं फुकट?

नाही! फक्त ते ज्या नावाखाली विकलं जातं त्या कामाचं ते नाही. दुसऱ्याच कामाचं आहे, आणि ते काम वाफांपेक्षा मोठं आहे. वाफांनी माणूस मरत नाही. खुब्याचं हाड मोडलं की म्हातारपण पालटतं.

हाडांचं आधी बघू. हाड म्हणजे सतत दुरुस्ती चालू असलेला रस्ता. एक टोळी जुना भाग उखडते, दुसरी नवा घालते. उखडणाऱ्या टोळीवरचा मुकादम म्हणजे इस्ट्रोजेन. मुकादम नोकरी सोडून गेला की उखडणारे बेफाम सुटतात आणि घालणाऱ्यांना त्यांचा वेग गाठता येत नाही. रजोनिवृत्तीच्या आसपासच्या पाच-सहा वर्षांत हाडांची घनता दहा टक्के किंवा त्याहूनही जास्त घटू शकते. त्यात काही दुखत-खुपत नाही, म्हणून कुणी बघत नाही.

घालणाऱ्या टोळीला काम मिळतं ते हाडावर भार पडला की. चालणं चांगलं, पण हाडांसाठी पुरेसं नाही. ऑस्ट्रेलियात हाडं ठिसूळ होऊ लागलेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या बायकांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जाणकारांच्या देखरेखीखाली चांगलं जड वजन उचलायला लावलं. आठ महिन्यांत त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. "या वयात वजनं?" असं आपल्याकडे लगेच म्हणतात. दळणाचा डबा आणि पाण्याच्या कळश्या उचलताना वय कुणी विचारलेलं मला आठवत नाही. अर्थात हाडं आधीच ठिसूळ असतील, कंबर दुखत असेल, तर शिकवणाऱ्याशिवाय हे करू नये.

कॅल्शियमचं गणित आपल्या स्वयंपाकघरात बसतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज १००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर १२०० मिलिग्रॅम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या वर, म्हणजे एका भाकरीतून दीडशेच्या आसपास. दोन चमचे तीळ शंभर-सव्वाशे. पेलाभर दूध सव्वादोनशे-अडीचशे. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, दोनदा दूध किंवा ताक-दही आणि पालेभाजी असं धरलं तर हजाराच्या जवळ जाता येतं. ड जीवनसत्त्व मात्र जेवणातून फारसं मिळत नाही, आणि ऊन भरपूर असलेल्या आपल्या देशात त्याची कमतरता सर्रास सापडते. तपासून, लागलं तर औषध घ्यावं. यात कमीपणा काही नाही.

आश्रमांच्या आहाराबद्दल माझी खरी तक्रार प्रथिनांची आहे. फळं, रस, उकडलेल्या भाज्या, सूप. तिचे तीन किलो गेले त्यात चरबी किती, पाणी किती आणि स्नायू किती, हे काटा सांगत नाही. साठ किलोच्या बाईला रोज निदान पन्नास ग्रॅम प्रथिनं हवीत. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम असतात. आपल्या घरांत उसळ आधी मुलांच्या ताटात जाते आणि बाईच्या वाट्याला रस्सा उरतो. या वयात तो रस्सा महाग पडतो, कारण रक्तातली बरीचशी साखर स्नायूच वापरतात. ते झिजले आणि पोट सुटलं (भारतीय स्त्रीसाठी कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा) की मधुमेहाला दार उघडतं.

आणखी एक उपाय, ज्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नाही. खोकताना, हसताना, बस पकडायला धावताना लघवीचे थेंब येतात ना? ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाल्यानं असं होतं. ते आवळून धरण्याचा रोजचा व्यायाम तीनेक महिने केला की काय होतं, याचा पुरावा या सगळ्या विषयातल्या सर्वांत भक्कम पुराव्यांपैकी आहे. अभ्यासांत व्यायाम करणाऱ्या शंभरातल्या ५६ बायकांनी "बरं झालं" असं सांगितलं, न करणाऱ्यांतल्या फक्त ६ जणींनी. योगातला मूलबंध याच्या अगदी जवळचा. पैसे लागत नाहीत, कपडे बदलावे लागत नाहीत, लोकलमध्ये बसूनही होतो. आणि तरी बायका वर्षानुवर्षं पॅड लावून फिरतात आणि लग्नात नाचायचं टाळतात.

"नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना होणार?"

होऊ शकतो. दुधीचंच उदाहरण घ्या. वजन आणि साखर उतरवायला सकाळी कच्च्या दुधीचा रस पिण्याची मोठी लाट आली होती. कडू निघालेल्या दुधीच्या रसानं लोक गंभीर आजारी पडले, काही दगावले, आणि आयसीएमआरला त्यावर तज्ज्ञ समिती बसवावी लागली. कडूपणाची द्रव्यं आतड्यांना इजा करतात. समितीचा सल्ला साधा होता: आधी तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या. आपली आजी काकडीचं टोक चाखायची ते उगीच नव्हतं. "कडू ते औषधी" असं म्हणून नाक दाबून पिणाऱ्यांनीच जास्त सोसलं.

उपवासाचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ज्या बाईचं दर पाळीला भरमसाठ रक्त जातंय, तिला आठ दिवस रसावर ठेवणं म्हणजे गळक्या टाकीचा नळही बंद करणं. जाण्याआधी हिमोग्लोबिन तपासलेलं हवंच. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना उपवास केला तर साखर एकदम खाली येऊन चक्कर, बेशुद्धी होऊ शकते. आणि थायरॉइडची किंवा बीपीची गोळी "इथं असेपर्यंत बंद ठेवा" असं कुणी म्हणालं, तर बॅग भरावी. ज्या डॉक्टरांनी ती सुरू केली त्यांना विचारल्याशिवाय ती बंद होत नसते.

सगळं पाळीच्या नावावर खपवू नका

चाळिशीनंतरच्या बाईला काहीही झालं की "वय झालं, होतं असं" हे उत्तर तयार असतं. थकवा, केस गळणं, वजन वाढणं, उदास वाटणं हे थायरॉइडचंही लक्षण असतं आणि एका साध्या रक्ततपासणीत ते कळतं. बोटं सकाळी तासभर आखडलेली राहत असतील, सांधे सुजत असतील, तर संधिवाताचा विचार करावा लागतो. छातीत धडधड प्रत्येक वेळी वाफांचीच असते असं नाही.

एक गोष्ट तर कधीच घरी बसून सोसू नये. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून गेलं, अगदी डागापुरतं का होईना, तर त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा. अशा दर शंभर बायकांत नऊ-दहा जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. उरलेल्या नव्वदींतल्या बहुतेकींचं कारण किरकोळ असतं. पण आपण कुठल्या गटात हे कटिस्नानानं कळत नाही, सोनोग्राफीनं आणि लागल्यास अस्तराचा तुकडा तपासून कळतं. लवकर सापडला तर हा कर्करोग बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते.

बायका हे टाळतात त्यामागे एक भीती आहे, आणि ती खोटी नाही: गेलं की "पिशवी काढून टाका" सांगतील. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची २०१९ मध्ये पाहणी झाली तेव्हा ८२ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली, कित्येकींची तिशी-पस्तिशीतच. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते, परतीचा पाऊस वगैरे काही नाही, थेट दुष्काळ. तेव्हा डॉक्टरांना विचारायचा प्रश्न हा: काढण्याआधी काय काय करून बघता येईल? रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोन सोडणारी टी आहे. पुष्कळ जणींचं एवढ्यानं भागतं. भागलं नाही तर शस्त्रक्रिया आहेच, पण ती शेवटी.

"पण हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो ना?"

ही भीती जुलै २००२ ची. अमेरिकेत १६ हजारांहून जास्त स्त्रियांवर चाललेली चाचणी मध्येच थांबवली गेली, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) यांची जोडगोळी घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला. किती? दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ८ जादा. बातमीत हा आकडा फारसा आला नाही, "२६ टक्के वाढ" आली. दोन्ही खरं आहे, पण एक ऐकून आपण विचार करतो आणि दुसरं ऐकून गोळ्या कचऱ्यात टाकतो. शिवाय त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. वाफांनी हैराण झालेल्या ४८ वर्षांच्या बाईचा हिशेब वेगळा असतो. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, दुसरा धोका नसताना, फायदा सहसा जास्त भरतो, असं आता तज्ज्ञ मानतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी औषध नियामकांनी या औषधांवरचा चौकटीतला ठळक इशारा बऱ्याच अंशी काढण्याचं जाहीर केलं.

म्हणून ती सगळ्यांनी घ्यावीत असं नाही. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, यकृताचा आजार असेल, किंवा अंगावरून जाण्याचं कारणच सापडलं नसेल, तर ही औषधं सहसा देत नाहीत. माझी हरकत एवढीच की घरी बसून, फॉरवर्ड वाचून "हार्मोन नको, निसर्गोपचारच बरा" असं ठरवलं जातं. या दोन गोष्टींत निवड करायचीच नाहीये. गोळी घेणाऱ्या बाईलाही वजनं उचलायची आहेत, नाचणी खायची आहे, मूलबंध करायचा आहे.

पुन्हा जायचं का, असं मैत्रीण विचारते आहे

जा की. दहा दिवस विश्रांती मिळणं ही लहान गोष्ट नाही. फक्त आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर बघ, त्या धो धो पाळीसाठी सोनोग्राफी करून घे, चालू गोळ्यांची यादी तिथल्या डॉक्टरांच्या हातात दे, आणि जेवणात डाळ-उसळ किती असते ते विचार. एवढं मी तिला सांगितलं आणि तिनं मुकाट्यानं लिहूनही घेतलं.

मग मी तिला तिचंच एक वाक्य आठवून दिलं. तिथं सकाळी सहा ते साडेसात ती चालायची, आसनं करायची, आणि तेवढा वेळ पूर्ण तिचा असायचा. घरी याच दीड तासात दोन डबे, एक टिफिन, सासऱ्यांचा चहा आणि पाण्याची मोटर असते. निसर्गोपचाराचं जे काही खरोखर लागू पडतं ते नेमकं या दीड तासात करायचं आहे, आठवड्यातले निदान चार दिवस, पुढची वीस वर्षं. तेव्हा केंद्राला आगाऊ पैसे भरायच्या आधी घरात सगळ्यांना एकत्र बसवून विचार, की परत आल्यावर सहा ते साडेसात ओट्यापाशी कोण उभं राहणार आहे.